शेजारचा काप

जगातल्या एक्केचाळीस हजार माणसांच्या मांड्या डॉ. ऋजुता हेरलेकर यांच्या मांडीबरहुकूम घडलेल्या होत्या, आणि बाईंना याचा केवढा अभिमान होता हे कळायला त्यांच्याशी पाच मिनिटं बोलणं पुरे होई. मिरजेच्या 'कृष्णाकाठ संशोधिका' या संस्थेत नवा पाहुणा आला की त्या त्याला आधी तळघरातल्या कपाटापाशी नेत, मेणाचा एक पिवळट ठोकळा त्याच्या हातावर ठेवत आणि म्हणत, "हं, ही मी. अठ्ठावीस वर्षांची. तेव्हा वजनही कमी होतं."

ठोकळ्यावर क्रमांक होता न-१. 'न' म्हणजे नॉर्मल.

यातली खुबी कळायला पॅथॉलॉजिस्ट मंडळींची एक सवय ठाऊक हवी. स्नायूचा आजार ओळखायचा तर रोग्याच्या स्नायूचा तुकडा काढतात, त्याचे केसाहून पातळ काप करतात आणि रंगवतात. पण रंग नीट बसला की नाही, हे कशावरून ठरवायचं? म्हणून त्याच काचेवर शेजारी एका निरोगी माणसाच्या स्नायूचा काप लावतात. त्याला कंट्रोल म्हणतात. शेजाऱ्यासारखं असेल ते ठीक, वेगळं असेल तो आजार. २०३९ साली संशोधिकेत सगळी यंत्रं होती, निरोगी शेजारी तेवढा नव्हता. धडधाकट माणूस मांडी कापून कशाला देईल? तेव्हा ऋजुताबाईंनी स्वतःची दिली. शेंगदाण्याएवढा तुकडा आणि तीन टाके. दुसऱ्या दिवशी बाई लंगडत कामावर हजर होत्या.

पुढे जुळवणीचा शोध लागला तोही याच इमारतीत. आपल्या स्नायूच्या प्रत्येक पेशीत हजारो बटणं असतात. कुठलं द्रव्य किती बनवायचं आणि कधी थांबायचं, हे ती ठरवतात. स्नायू झिजण्याच्या आजारात ही बटणं भलतीकडेच फिरलेली असतात. जुळवणीत एक माणसाळवलेला विषाणू पेशीत शिरतो आणि सोबत दिलेल्या यादीप्रमाणे एकेक बटण जागेवर आणतो. यादी अर्थातच कुठल्या तरी निरोगी स्नायूची हवी, आणि जगात सर्वांत कसून अभ्यासलेला स्नायू एकच होता. न-१ वरून यादी उतरली आणि पेरूपासून पोलंडपर्यंतची मुलं बाईंच्या मांड्या घेऊन धावू लागली.

त्यांतला पहिला जतजवळच्या वस्तीवरचा यशराज कोळेकर. सहाव्या वर्षी जमिनीवरून उठायचं तर त्याला स्वतःच्याच पायांवर हात टेकत वर यावं लागे. आज सदतिसाव्या वर्षी तो पवनचक्क्या दुरुस्त करतो आणि दिवसातून दोनदा शंभर मीटरची शिडी चढतो. त्याचा शिडीवरचा फोटो बाईंनी टेबलाच्या काचेखाली ठेवला होता, पण चेहरा कापून फक्त पाय मोठे करून घेतले होते. यशराजनं मामाची मुलगी केली होती. त्या भागात ते लहानपणीच ठरतं. दोन्हीकडून एकच सदोष जनुक आलं आणि त्यांच्या सहा वर्षांच्या ईश्वरीला बापाचाच आजार झाला. तरी घरात कोणी फार घाबरलं नव्हतं. जुळवणी होती, बाई होत्या. गुरुवारची तारीखही मिळाली होती.

त्या गुरुवारच्या पंधरा दिवस आधी बाईंच्या हातून चहाचा कप पडला. मग उजवा हात मिनिटभर आपल्याच मनानं हलत राहिला. स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ दिसली. सुईनं तिचा कण काढला आणि त्याची स्लाईड संशोधिकेतच आली, कारण मेंदूच्या गाठी वाचण्यात बाईंचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं.

"स्वतःची स्लाईड स्वतः वाचायची नाही असा नियम आहे, मॅडम," त्यांची सहकारी डॉ. आफरीन मुजावर चाचरत म्हणाली.

"नियम मीच लिहिलाय. सरक."

बाईंनी आयुष्यात नऊ हजार गाठी पाहिल्या होत्या. अशी एकही नव्हती. गाठीच्या पेशी रक्तवाहिन्यांभोवती ओळीनं उभ्या होत्या, रेशनच्या दुकानासमोर माणसं उभी राहतात तशा. रक्तातून त्यांना काहीतरी मिळत होतं. काय मिळत असेल?

चालून आल्यावर मन हलकं होतं ते उगाच नाही. कामाला लागलेला स्नायू रक्तात काही द्रव्यं सोडतो आणि ती मेंदूपर्यंत जातात. बाई त्यांना स्नायुदूत म्हणत. त्यांतला एक दूत मेंदूच्या पेशींना 'वाढा' असा निरोप देतो. निरोगी स्नायू हा निरोप क्वचित, तोही श्रम झाल्यावरच पाठवतो. विसावलेल्या स्नायूत या दूताचा मागमूसही सापडू नये. बाईंनी आफरीनला गाठीचा काप याच दूताच्या रंगानं रंगवायला सांगितला. शेजारी सवयीप्रमाणे न-१ चा काप होताच.

गाठ तपकिरी झाली. शेजारचा कापही तपकिरी झाला.

"कंट्रोल रंगलाय," आफरीन म्हणाली. "स्लाईड बिघडली. परत करते."

कंट्रोल रंगला की रंगात खोट, स्लाईड टोपलीत. या विद्येतला हा पहिला धडा. आफरीननं दुसरी केली, तीही तशीच. तिसरी ती टोपलीत टाकणार तेवढ्यात बाईंनी तिचं मनगट धरलं.

"थांब. रंग बरोबर आहे."

"मग?"

"शेजारी बिघडलाय."

बाईंचा स्नायू जन्मापासून, झोपेतसुद्धा, मेंदूला 'वाढा' असं सांगत आला होता. त्रेसष्टाव्या वर्षी मेंदूनं ऐकलं. ज्या स्नायूशी ताडून जगातले आजार ठरले तो स्नायूच मुळात नॉर्मल नव्हता, आणि त्याचं हे फिरलेलं बटण यादीतून एक्केचाळीस हजार माणसांत उतरलं होतं. पस्तीस वर्षांत अशा किती स्लाईडी आपण शहाणपणानं टोपलीत टाकल्या, हे आता कोणीच सांगू शकत नव्हतं. बाईंच्या एका कपाटात मेंदूच्या गाठी होत्या, दुसऱ्यात स्नायूंचे आजार, आणि दोन्ही कपाटं त्यांनी कधी एकदम उघडली नव्हती. त्यांना स्वतःच्या गाठीची भीती वाटली नाही. आपल्या मांडीची मात्र आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली.

मंगळवारी त्यांनी यशराजला बोलावून घेतलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं. तो मांडीवर दोन्ही पंजे ठेवून ऐकत राहिला.

"म्हंजे माझ्या बी डोक्यात गाठ हुणार?"

"शक्यता मोठी आहे."

"कवा?"

"मला त्रेसष्टाव्या वर्षी झाली. तुला पन्नाशीत होईल, सत्तरीत होईल, कदाचित होणारही नाही. माझ्याकडे उदाहरण एकच आहे, ते तुझ्यासमोर बसलंय."

"दुसऱ्या कुणाच्या मांडीची यादी करता येत न्हाई?"

"करतोय. नीट पारखायला चार वर्षं लागतील. तोवर ईश्वरी दहाची होईल. तेव्हा जुळवायला स्नायूच उरणार नाहीत."

यशराजनं काचेखालच्या आपल्या पायांकडे पाहिलं. "न्हाई जुळवलं तर पोरगी किती जगंल?"

"विसाव्या वर्षापर्यंत. त्यातली बरीचशी वर्षं चाकाच्या खुर्चीत."

"मग इचारताय कशाला, मॅडम? गुरवारचं ठरलंय ते ठरलंय."

"विचारायलाच हवं. तुझ्या आईला मी विचारलं नव्हतं, कारण मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे."

"आईला इचारलं असतंसा तर तिनं बी ह्येच सांगितलं असतं. तीस वर्सं ह्या पायांवर हाय मी, शिडी चढतुय." त्यानं काचेवरून नजर उचलली. "आन तुमची गाठ कवा काढायची?"

"काढायची नाही."

सर्जन त्यांच्याशी याच गोष्टीवरून तासभर भांडून गेला होता. आत्ता काढली तर बाई सहज दहा वर्षं जगतील, असं त्याचं म्हणणं होतं. बाईंचं म्हणणं वेगळं होतं. दूताला वाटेतच अडवणारं एक औषध आफरीन तयार करत होती. त्याला त्यांनी 'अडसर' असं नाव दिलं होतं. ते हातात यायला वर्ष लागणार होतं. पण ते लागू पडतं की नाही, हे बघायचं कशावर?

"अशी गाठ सध्या जगात एकाच डोक्यात आहे," बाई म्हणाल्या. "काचेच्या बशीत ती चार दिवसांत मरते. तिला हाच मेंदू लागतो आणि हेच स्नायू. ती काढली तर तुमच्या वेळेला आमच्या हातात काहीच नसेल."

"म्हंजे तुमी तिला पाळणार?"

"पाळणार."

"आमी असलं घेत न्हाई, मॅडम."

"तू कुठे घेतोयस? मी देतेय. मांडी दिली तेव्हा तरी कुणाला विचारलं होतं?" बाई खुर्चीत ताठ बसल्या. "मी पस्तीस वर्षं खोटा कंट्रोल होते, यशराज. आता खरा होते."

गुरुवारी ईश्वरीची जुळवणी झाली. त्याच आठवड्यात संशोधिकेनं सगळं जाहीर केलं. शे-दीडशे कुटुंबांनी तारखा रद्द केल्या; बाकीच्यांनी सगळं वाचून, समजून सह्या केल्या. बऱ्या झालेल्यांची पत्रं येऊ लागली. पहिल्या महिन्यात त्यांत 'बाई कशा आहेत?' असं असे. तिसऱ्या महिन्यापासून 'गाठ कशी आहे?' असं येऊ लागलं. यात कोणाची चूक नव्हती. आपल्या लेकरांचं मरण जिथे अडणार, तिथेच माणसाचं लक्ष राहणार.

पाचव्या महिन्याच्या स्कॅनमध्ये गाठ किंचित आक्रसलेली दिसली. एरवी अशा बातमीनं घरात दिवाळी झाली असती. इथे आफरीनचं तोंड उतरलं. गाठ आपोआप विरली तर अडसराची परीक्षा कशावर घ्यायची? बातमी पसरली आणि जतच्या एका आईनं देवीला नवस बोलला. बाईंची गाठ राहू दे, साडी नेसवीन.

सहाव्या महिन्यात स्कॅनच्या दिवशी सकाळी अकराजण आपणहून येऊन व्हरांड्यात थांबले होते. अकराही बरे झालेले, यशराज सर्वांत पुढे. आफरीन दार उघडून बाहेर आली. मागोमाग बाई आल्या, उजवा पाय जरा ओढत.

"वाढलीय," आफरीन म्हणाली. "चार मिलिमीटर."

"बरं झालं," यशराज म्हणाला. मोठा सुस्कारा सोडून, मनापासून म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला बाईंकडे बघवेना.

बाकीच्यांना ते जाणवलंही नाही. कोणीतरी हात जोडले, कोणी फोनवर घरी कळवू लागलं. बीदरहून आलेल्या एकीनं पिशवीतून खोका काढला आणि पेढे वाटायला सुरुवात केली. पहिला पेढा अर्थात ऋजुताबाईंना दिला. त्यांनी तो डाव्या हातानं घेतला, कारण उजव्या हाताची बोटं आता मिटत नव्हती, आणि चवीनं खाल्ला.

"उभी कशी राहतात बघ," त्या आफरीनला म्हणाल्या. "एकानं तरी भिंतीला पाठ टेकलीय? तास झाला असेल." आवाजात तोच जुना अभिमान होता, तळघरातल्या कपाटापाशी असायचा तो.

यशराजच्या हातावरही पेढा आला. तो खाववेना आणि खाली ठेवायचं धाडस होईना, म्हणून सगळे पांगेपर्यंत तो पेढा तसाच मुठीत धरून उभा राहिला, बाईंच्याच पायांवर, ताठ.