जोडनोकरी

सोमवार उजाडला आणि हेमांगी भंगाळेला काहीच दुखलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग बरंच झालं की. पण हा तिचा आजारी आठवडा होता. तिने आदल्या दिवशीच मुगाची खिचडी करून ठेवलेली, पाण्याच्या बाटलीचं झाकण सैल करून ती उशाशी ठेवलेली, शेजारणीकडून घट्ट वेणी घालून घेतलेली, कारण आता आठवडाभर बोटं मिटणार नव्हती. आणि इथे तर बोटं सरसर मिटतायत, उघडतायत. तिने वेणी सोडली आणि स्वतःच परत घातली. दोनदा.

म्हणजे कसं होतं बघा. २०६१ साल आलं तरी संधिवात काही बरा होत नव्हता. आपल्या अंगात रोगाशी लढणारी एक फौज असते, ती चुकून आपल्याच सांध्यांवर तुटून पडते, आणि कधी तुटून पडेल त्याचा नेम नाही. असल्या माणसाला नोकरी देणार कोण? बुधवारी कामावर येईल की नाही ते त्यालाच ठाऊक नसतं. मग जळगावच्या डॉक्टर वैजयंती सरोदेंना सापडलं की मानेतून पोटाकडे एक जाड नस जाते, तिला विजेचे बारीक ठोके दिले की ही फौज हवी तेव्हा उठवता येते, नाहीतर थोडे दिवस थोपवता येते. दुखणं घालवता येत नव्हतं, पण सरकवता येत होतं. झोपताना गळ्याला मानपट्टा बांधायचा, बस्स. त्यातूनच जोडनोकरी निघाली. जागा एक, आजारी माणसं दोन. या आठवड्यात एक आडवा, दुसरा कामावर, पुढच्या आठवड्यात उलट.

हेमांगीचा जोडीदार मुरलीधर नेहते, पन्नाशीचा माणूस. काम केळीच्या रोपांच्या लॅबमध्ये. बाटलीतला कोंब काढायचा, सुरीने त्याचे चार तुकडे करायचे, चार नव्या बाटल्यांत लावायचे. चार वर्षांत दोघं भेटले असतील तीनदा, पण टेबलावर चिठ्ठ्या असायच्या. तिसऱ्या कपाटात बुरशी आहे, हात लावू नको, अशा. हेमांगीचं लग्न मोडलं त्या आठवड्यात तर त्याने दुखत्या हातांनी जास्तीच्या दोनशे बाटल्या करून ठेवल्या होत्या, आणि चिठ्ठीत लिहिलं होतं, तू नुसती बसून राहा.

मानपट्ट्यात पुढच्या आठवड्याची वेळ लॅबमध्येच भरून मिळायची. शनिवारी खुंटीला पट्टा अडकवायचा, निघताना घ्यायचा. त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी मुरलीभाऊंनी घरून पाठवलेले मुलीच्या लग्नाचे लाडू टेबलावर होते. हेमांगीने लाडवांचा डबा घेतला आणि पट्टा खुंटीवरच विसरली.

आठवडाभर ती वाट बघत राहिली. मंगळवारी दुखेल, गुरुवारी तरी दुखेल. नाही दुखलं. शनिवारी ती लॅबमधून पट्टा घेऊन, वाटेत पेढे घेऊन डॉक्टर सरोदेंकडे गेली.

डॉक्टरांनी पेढा घेतला नाही.

"पट्ट्याशिवाय किती दिवस होतीस?"

"आठ. मॅडम, मी बरी झाले का?"

डॉक्टरांनी पडद्यावर आलेख काढला. आजार कधीच झोपी गेला होता. होतं असं एखाद्याचं. तीन वर्षांपूर्वी.

"मग दर महिन्याला दोनदा मी लोळायचे ते?"

"ते पट्टा करत होता. झोपलेली फौज उठवत होता. बरं झालेल्या माणसाला जोडीत ठेवता येत नाही, हेमांगी. जोडी तुटली की दोघांचीही नोकरी जाते. दर सहा महिन्यांचा अहवाल जोडीदाराकडे जातो, कारण वेळापत्रक त्याचंही असतं. त्याने तुला विचारायचं आणि 'आहे तसं चालू ठेवा', म्हणजे पट्ट्याने आजार चालू ठेवा, म्हणून सही करायची. सह्या आल्या. मला वाटलं, तुला माहीत आहे."

सहा अहवाल. सहाहींच्या खाली ओळखीचं वाकडंतिकडं अक्षर.

अहवाल घेऊन ती तशीच मुरलीधरकडे गेली. तो आठवडाभर कामावर होता, पण दुखणं जरा आधीच आलेलं. कोपरापासून हात उशीवर ठेवून पडला होता. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. हेमांगीने अहवाल त्याच्यासमोर धरले. त्याने वाचले नाहीत.

"तुला दुसरं काम मिळालं असतं गं," तो म्हणाला. "मला कोण ठेवणार होतं? पोरीचं लग्न व्हायचं होतं. म्हटलं, एवढ्या वेळी. मग परत एवढ्या वेळी."

"मला विचारायचं होतं, मुरलीभाऊ. मी हो म्हटलं असतं."

तेव्हा कुठे त्याने तिच्याकडे पाहिलं. वहिनी चहा घेऊन आल्या, तोवर ती जिना उतरली होती.

सोमवारी ती पट्टा परत करायला गेली. मनात कुठेतरी होतंच, की आपण सोडल्यावर त्याचं कसं व्हायचं. डॉक्टरांच्या खोलीत तिशीची एक बाई बसली होती, दंड चांगले भरलेले, गाल लाल. डॉक्टर टेपने तिच्या मानेचं माप घेत होत्या.

"मुरलीधरांची नवी जोडीदार," त्या म्हणाल्या. "त्यांनी कालच सही केली."

"यांनाही संधिवात?"

डॉक्टर माप लिहून घेत होत्या. "नाही. पण नस सगळ्यांनाच असते. फौजही. पट्ट्याने उठवली की झाला आजारी माणूस. बाहेरची यादी बघितलीस का? या नोकरीसाठी एकशे चाळीस जण आहेत. एकालाही काही झालेलं नाही."

त्या बाईला वाटलं, हेमांगी जुनी आहे, हिला नक्की माहीत असेल. ती खुर्चीतून वळली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, एक विचारू? मध्येच बरं तर वाटायला लागत नाही ना?"