नाव न घेतलेलं औषध

प्रयोगशाळेत नोकरी धरताना, एक दिवस मावशीचीच थुंकी तपासावी लागेल, असं भाचीला कुणी सांगितलं नव्हतं. तिने न्यूमोनियाचे जंतू प्लेटवर पसरले, वर औषधांच्या कागदी टिकल्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी एका टिकलीभोवती कोटाच्या बटणाएवढं स्वच्छ वर्तुळ होतं. म्हणजे तिथले जंतू मेले.

"हेच देऊ," डॉक्टर प्लेटवर वाकून म्हणाले आणि औषधाचं नाव खणखणीत उच्चारलं.

दोन दिवसांनी मावशीचा ताप तसाच. नव्या प्लेटवर जंतू त्याच टिकलीला खेटून उभे होते, लग्नातल्या ग्रुप फोटोसारखे.

"जनुक बदललं," डॉक्टर म्हणाले. "औषध ज्या कुलपाला लागतं, ते कुलूपच बदलतात. मेलेल्या भाईबंदांकडून जनुकांचे तुकडे उचलतात."

"मयताला येऊन खिसे कापतात?"

"तसंच काहीसं."

भाचीला पटलं. पण पहिला नमुना तिने औषध सुरू होण्याआधीच फ्रीझरमध्ये गोठवला होता. त्याची औषधाशी ओळखच नव्हती. गंमत म्हणून तिने तोही लावून पाहिला.

तोही खेटून उभा.

तिने दोन्हींची जनुकं वाचून घेतली. बदल तेच, अक्षर न अक्षर.

दुसऱ्या औषधाच्या वेळीही डॉक्टर वाकले, नाव घेतलं. पुन्हा तेच. आता मावशीचे ओठ निळसर दिसू लागले होते.

भाचीने तिसऱ्या औषधाची टिकली निवडली आणि तोंड शिवून घेतलं. वर्तुळ आलं. तिने चिठ्ठीवर नाव लिहून डॉक्टरांच्या हातात दिलं, ओठांवर बोट ठेवलं. जंतूंना वाचता येत नसावं, असं ती धरून चालली होती.

"तुला झोपेची गरज आहे," डॉक्टर म्हणाले. पण नाव उच्चारलं नाही.

तीन दिवसांत ताप उतरला. मावशी उशीला टेकून चहा पीत बसली.

"शहाणी गं माझी बाय. नाव घेतलं नाहीस ते बरं केलंस. सारखे विचारत होते मला."

"कोण?"

मावशीने तळहात छातीवर ठेवला. मग लाडाने कान पुढे केला.

"आता तरी सांग. कुठलं होतं?"

भाचीने ओठ घट्ट मिटले.

मावशी वाट पाहत राहिली. मग बारीकसं खोकली.