चार नंबरची परवानगी

हे माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलं आहे. तिला विचारूनच लिहिते आहे. नावं तेवढी बदलली.

रात्र नव्हती. मे महिन्यातली भर दुपार होती, दोन वाजून सतरा मिनिटं. जागा, सावद्याजवळचं केळी पिकवण्याचं कोल्ड स्टोरेज.

माझी ही मावसबहीण, दिपमाला, तिथे कॉम्प्युटरवर बसायची. जुनं मशीन, त्यावर लिनक्स. केळी पिकवण्याच्या पाचही चेंबरचं तापमान तिच्या पडद्यावर यायचं. तिचा मोठा भाऊ हेमराज तिथेच केळीचे क्रेट लावायचा. दोघं धुळ्याकडची. हेमराज अहिराणीतच बोलायचा.

तिथे एक नियम होता. आत जाणाऱ्याने चपला दाराबाहेर काढायच्या. चपला दिसल्या तर दार लावायचं नाही. कारण दार आतून उघडत नव्हतं, आणि पिकणारी केळी इतका कर्बवायू सोडतात की बंद चेंबरमध्ये माणूस फार वेळ टिकत नाही.

त्या दिवशी हेमराजच्या पायात नवी चप्पल होती. दुसऱ्या दिवशी बोदवडला मुलगी बघायला जायचं होतं.

"बठ्ठासनी नजर शे हिनावर," तो जेवताना म्हणाला. "बाहेर ठेवी तं कोनीबी लई जाई."

"मग डोक्यावर घेऊन फिर, दादा!" दिपमाला हसली.

दोन वाजता चार नंबरचं तापमान चढू लागलं. ती उठून बघायला गेली. दार अर्धवट उघडं होतं.

बाहेर चपला नव्हत्या.

तिने दार ओढलं. कडी घातली. परत येऊन बसली.

आणि दोन सतराला पडद्यावर सूचना आली...

'एक ॲप पार्श्वभूमीत चालू आहे. त्याला मायक्रोफोन वापरायचा आहे.'

ॲपचं नाव नव्हतं. तिने 'नाकारा' दाबलं.

मिनिटभराने पुन्हा तीच. पुन्हा 'नाकारा'.

तिसऱ्यांदा ती वैतागली. 'पुन्हा विचारू नका'वर खूण केली आणि नाकारलं.

मग सगळं शांत...

चार वाजता हेमराजची शोधाशोध सुरू झाली.

तो चार नंबरमध्ये, दाराला टेकलेला सापडला. नवी चप्पल त्याने काखेत घट्ट धरली होती. बोटांची नखं उखडलेली होती.

तेराव्यानंतर ती कामावर परतली. जळगावहून योगेंद्र नावाचा तंत्रज्ञ आला. त्याने नोंदी काढल्या. तीनही विनंत्या चार नंबरकडून आल्या होत्या.

"ताई, तिथे मायक्रोफोन नाहीच," तो म्हणाला. "फक्त तापमानाची वायर आहे."

कायमचं नाकारलेलं ॲप पुन्हा विचारत नाही, असंही त्याने सांगितलं.

त्याच दुपारी दोन सतराला ॲपने पुन्हा विचारलं.

दिपमालाने 'परवानगी द्या' दाबलं.

मशीनला स्पीकर जोडलेला नव्हता. तरी ठोठावणं ऐकू आलं. मग ओरखडे... मग खोकला... मग तिचं नाव. बरोबर अकरा मिनिटं. मग काहीच नाही.

ती धावत जाऊन दार उघडून आली. आत फक्त केळी.

दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. तिच्या जागी ऑफिसातल्या कुंदाबाई बसल्या. त्यांना आलेली सूचना त्यांनी सहज नाकारली.

तिसऱ्या दिवशी दिपमालाने घड्याळ लावून ऐकलं. बारा मिनिटं.

एकदा नाकारलं की त्याला मरायला एक मिनिट जास्त लागतं.

तेव्हापासून तिने सुट्टी घेतलेली नाही. मावशीने स्थळं आणली, तिने ती परत पाठवली. रोज दोन सतराला ती खुर्चीत असते. पण तिला ताप येतो, रस्ता बंद होतो, वीज जाते. अशा दिवशी नाकारणारं कुणी नसलं तरी तो दिवस नकारच धरला जातो.

परवा तिचा फोन आला. सव्वीस मिनिटं झाली आहेत.

"आता तो दार ठोकत नाही गं," ती म्हणाली.

"मग?"



"मी तिथेच बसले आहे ना, एवढंच शेवटपर्यंत विचारतो... दिपा, तू तठेच बठेल शे ना?"