सहावा गोळा

पाणबाईच्या पोटात गोळे सहा, आणि पडद्यावर दिवे पाचच! शाल्मलीचा चेहरा खर्रकन उतरला.

पाणबाई म्हणजे माणसाऐवजी स्कॅनयंत्रात झोपणारी, पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची पुतळी. तिची परीक्षा पास झाल्याशिवाय नव्या यंत्रात माणूस झोपवायचा नाही. आणि शाल्मलीच्या धाकट्या भावाच्या, निमिषच्या अंगात आजार कुठे दडलाय, ते तर लवकर कळायला हवं होतं. जुन्या यंत्रात वीस मिनिटं निपचित पडायचं, हे त्या चुळबुळ्याला कसलं जमतंय! तीनदा चित्र पुसट आलं होतं.

"आत्या, हे यंत्र एका मिनिटात कसं गं बघणार?"

यंत्र बनवणारी मुक्ताआत्या म्हणाली, "गोळ्यांत किरणसाखर (किरण सोडणारी साखर) आहे. तिचा कण विझताना दोन किरण सुटतात, एकमेकांच्या अगदी उलट दिशांना. दोन्ही पकडले की त्यांना जोडणारी रेघ मिळते. अशा असंख्य रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे दिवा! जुनं यंत्र म्हणजे अरुंद बांगडी, बरेच किरण निसटायचे. हा डोक्यापासून पायांपर्यंतचा बोगदा आहे. भरपूर किरण सापडतात, म्हणून वेळ कमी."

"मग सहावा?"

आत्याने 'पाच' अशी नोंद आधीच केली होती; आता तिने चिठ्ठी उघडली. इथला रिवाज कडक होता. गोळे लपवणाऱ्याने आकडा चिठ्ठीत लिहायचा आणि चित्र वाचून होईपर्यंत वाचणाऱ्याला अवाक्षर सांगायचं नाही. आज लपवायचा मान शाल्मलीचा होता. काचेपलीकडच्या यंत्रहाताला तिनेच हुकूम सोडले होते, आणि चिठ्ठीत ऐटीत लिहिलं होतं 'सहा'.

निळसर उजेडात बोगदा शांत झोपल्यासारखा दिसत होता. शाल्मलीला एकदम आठवलं. सहाव्या गोळ्याच्या वेळी निमिषचा फोन आला होता, हलणारा दात दाखवायला. हसता हसता ती यंत्रहाताला नुसतं "भर" म्हणाली होती. कुठल्या बाटलीतून, ते सांगायचंच राहिलं.

"आत्या, त्यात साधं पाणीच गेलं असणार. चूक माझी आहे," ती रडवेली होऊन म्हणाली.

आत्याने तिला जवळ घेतलं. "अगं वेडे, म्हणजे जिथे साखर नाही तिथे यंत्राने दिवा लावला नाही! खोटं न दाखवणं हीसुद्धा परीक्षाच. चल, पुन्हा भरू."

या वेळी सहा दिवे लागले.

पुढच्या आठवड्यात किरणसाखर टोचून घेऊन निमिष बोगद्यात शिरला. आजारी पेशी (शरीराच्या चिमुकल्या विटा) साखर हावरटपणे खातात, म्हणून पडद्यावर त्याच्या गुडघ्यापाशी एक ठिपका लखलखला. उपचार कुठे करायचे, ते आता कळलं होतं.

"संपलं?" आतून आवाज आला. "अजून मी हललोसुद्धा नाही!"

शाल्मली रडता रडता हसली.