बेदाण्यांचा ब्रेड

ही गोष्ट खरी आहे. पटली तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. यातलं बरंचसं माझ्या आत्यानं मला स्वतः सांगितलं, आणि एक प्रसंग मी माझ्या कानांनी ऐकलाय.

अमावस्या, वादळ, गेलेले दिवे असलं काही शोधू नका. हे सगळं भर दुपारी घडलं. लख्ख उजेडात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका स्वच्छ स्वयंपाकघरात.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. लग्न केलं नाही. का केलं नाही, ते कुणी विचारलंही नाही. सगळ्यांची सोयच झाली होती ना! आजीला, म्हणजे तिच्या आणि बाबांच्या आईला, सांभाळायला घरात कुणीतरी हवंच होतं.

बाबा दुसऱ्या शहरात. फोनवर 'येतो, येतो' म्हणून वेळ मारून न्यायचे. एकदा स्वतः येण्याऐवजी त्यांनी ब्रेड मशीन पाठवून दिलं. आजीचे दात गेले होते, मऊ ब्रेडशिवाय काही चावत नव्हतं.

आजी हरखून गेली. आल्या-गेल्याला मशीन दाखवायची. "माझ्या लेकानं पाठवलं!"

त्यात रोज पीठ, पाणी, यीस्ट मोजून घालायचं आणि भांडं घासायचं ते लेकीनं. पण लेकीचं कौतुक आल्या-गेल्यापैकी कुणी कधी ऐकलं नाही.

एक काम मात्र आजी कुणाला करू द्यायची नाही. पीठ मळून होत आलं की ते मशीन टीं टीं वाजतं. सुकामेवा घालायचा असेल तर आत्ता घाला, असं सांगतं. दर रविवारी तो आवाज आला की आजी असेल तिथून उठायची, वॉकर टेकत यायची... टक्... टक्... आणि झाकण उघडून मूठभर बेदाणे टाकायची.

"त्याला आवडतात. आज येईल तो."

तो यायचा नाही. आत्याला बेदाणे अजिबात खपत नाहीत, अगदी लहानपणापासून. आजीच्या ते कधी लक्षात राहिलं नाही. आठवडाभर तो ब्रेड आत्याच संपवायची.

शेवटी शेवटी आजीला माणसं ओळखू येईनात. आत्या तिला भरवायची, अंग पुसायची, कूस बदलायची, पाठीला मलम चोळायची. एका संध्याकाळी आजीनं तिचा हात धरला. आत्याला वाटलं, आज ओळखलं.

"बाई, तुम्ही जा आता घरी," आजी म्हणाली. "तुमची आई वाट बघत असेल."

आत्या बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडली. हे मला सांगताना ती हसत होती. तसलं हसू बघवत नाही.

आजी गेली. बाबा आले, डोळे पुसले, 'ताई, तू होतीस म्हणून निभावलं' म्हणाले, आणि रजा नाही म्हणून परतले. वॉकर दवाखान्याचा होता, तो परत गेला. उरलेले बेदाणे आत्यानं कचऱ्यात टाकले आणि बरणी धुऊन उपडी घातली.

मग एका रविवारी घर अगदी खायला उठलं, म्हणून तिनं मशीन लावलं. साधा ब्रेड. मशीन घरघरायला लागलं आणि ती कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेली.

थोड्या वेळानं आतून टीं टीं वाजलं.

आणि मध्येच थांबलं.

ते मशीन असं मध्येच थांबत नाही. पुरतं वाजून घेतं. कुणी झाकण उघडलं तरच गप्प बसतं.

आत्या चिमटा हातात धरून तशीच उभी राहिली.

आतून... झाकण लागल्याचा आवाज आला.

मग... टक्... टक्... टक्...

वॉकर. स्वयंपाकघरातून निघून आजीच्या खोलीकडे जाणारा.

ती आत धावली. घरात कुणी नव्हतं. दाराला आतून कडी होती.

ब्रेड तयार झाल्यावर तिनं भांडं ओट्यावर उपडं केलं. पीठ मळणाऱ्या पात्याच्या जागी ब्रेडच्या बुडाला नेहमीसारखं भोक होतं. बाकी वरून सगळं ठीक. तिनं सुरी घातली, पहिला तुकडा आडवा पडला, आणि...

आत बेदाणे होते.

तुम्ही-आम्ही असतो तर पायात चप्पलही न घालता पळत सुटलो असतो. आत्या खुर्चीवर बसली आणि आनंदानं रडली. आई आली होती. मुलगा दुसऱ्या शहरात, आणि आई आली ती आपल्याकडे. इतक्या वर्षांच्या करण्याचं चीज झालं, असं तिला वाटलं.

बिचारी आत्या.

तिनं दुकानात सकाळची पाळी मागून घेतली आणि रोज दुपारी ब्रेड लावायला लागली. घरात इतका ब्रेड साठला की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, दुकान सोडून बेकरी काढलीस की काय. आत्यानं हसण्यावारी नेलं आणि त्यांच्या हातात अर्धा ब्रेड ठेवला. काकूंनी बेदाण्यांचं फार कौतुक केलं.

मग तिला लोभ सुटला. एक खूण हवी होती. एकच, पण स्वतःसाठी. तिला अक्रोड आवडतात. तिनं अक्रोडांची वाटी मशीनच्या शेजारी ठेवली, आजीच्या खोलीकडे तोंड करून म्हणाली की आई, आज माझ्यासाठी हे घाल, आणि मुद्दाम बाल्कनीत जाऊन उभी राहिली.

ब्रेडमध्ये बेदाणे. वाटी जशीच्या तशी.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. पुढे कितीतरी दिवस वाटी तिथेच होती आणि अक्रोडांना खवट वास यायला लागला.

मग एका दुपारी ती स्वयंपाकघरातून हललीच नाही. मशीनसमोर खुर्ची टाकून बसली. काय व्हायचं ते डोळ्यांदेखत होऊ दे.

टीं टीं वाजलं.

आणि खोलीतून... टक्... टक्... टक्...

आवाज स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला आणि थांबला.

दारात कुणी दिसत नव्हतं. पण मलमाचा वास आला. आजीच्या पाठीला चोळायच्या त्याच मलमाचा.

"आई, मी आहे गं," आत्या म्हणाली.

मशीन वाजून वाजून गप्प झालं. घरात इतकी शांतता झाली की आत्याला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला.

मग दारातून... अगदी हळू...

"तो आला का?"

त्या दिवशी आत्या जेवली नाही. ज्या बाईसाठी उभा जन्म घातला, ती मरूनही लेकाचीच वाट बघत होती. आणि लेकीला अजून कामवालीच समजत होती की काय, कोण जाणे. आत्याला भीती नाही वाटली. संताप आला. तिनं बाबांना फोन लावला आणि एवढंच सांगितलं की येत्या रविवारी ये, नाहीतर पुन्हा तोंड दाखवू नकोस. ताई असं कधी बोलत नाही, म्हणून बाबा घाबरून आले. मला सुट्टी होती, मीही बरोबर गेले.

आत्यानं सकाळीच एक ब्रेड करून ठेवला होता आणि आम्ही पोचल्यावर दुसरा लावला. काय चाललंय, मला काहीच माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की ती आमच्याशी बोलताना सारखी दाराकडे बघतेय.

बाबा एका हातानं फोन बघत होते आणि दुसऱ्या हातानं ब्रेडमधले बेदाणे काढून ताटलीच्या कडेला लावत होते.

"तुला आवडतात ना?" आत्यानं विचारलं.

"बेदाणे? छे गं. कधीच नाही. आईला वाईट वाटेल म्हणून गिळायचो."

आत्या त्यांच्याकडे बघतच राहिली. काहीतरी म्हणायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात मशीन वाजलं.

टीं टीं. टीं टीं.

पुरतं वाजलं. कुणीही आलं नाही. आत्याचा चेहरा एवढासा झाला.

चहा झाला. बाबांच्या चष्म्याचा स्क्रू ढिला होता, तो आत्यानं घट्ट करून दिला. मग 'पुन्हा सवडीनं येतो' झालं आणि आम्ही निघालो. खाली गाडीत बसल्यावर बाबांच्या लक्षात आलं की चष्मा टेबलावरच राहिला. मला वर पिटाळलं.

दार नुसतं लोटलेलं होतं. मी आत पाऊल टाकलं आणि...

टक्... टक्... टक्...

आजीच्या खोलीतून. खोलीचं दार उघडं होतं. आत पलंग, कपाट, खिडकी. माणूस नाही. आवाज माझ्या समोरून गेला. मागोमाग मलमाचा वास.

स्वयंपाकघरात आत्या माझ्याकडे पाठ करून टेबलाशी उभी होती. टेबलावर बाबांची ताटली, कडेला ते बेदाणे. त्यांची खुर्ची अजून मागे सरकवलेलीच.

मग तो आवाज. लहानपणी ज्या आवाजानं मला जेवायला हाक मारली, तोच.

"तो आला का?"

आत्यानं नुसतं 'हो' म्हणायचं होतं. आला होता, इथेच बसला होता, ही बघ त्याची ताटली. आजी सुटली असती. कदाचित दोघीही सुटल्या असत्या.

आत्यानं ताटली उचलली आणि पाठीमागे लपवली.

"नाही आई," ती म्हणाली. "अजून नाही आला. उद्या येईल हं. तू ये उद्या."

कुणीतरी दमून टाकावा तसा एक उसासा ऐकू आला. मग टक्... टक्... आवाज परत खोलीकडे गेला.

आत्या वळली आणि मी दिसले. ती दचकली नाही. टेबलावरचा चष्मा उचलून तिनं माझ्या हातात दिला. "बाबांचा ना? नीट ने, स्क्रू आत्ताच घट्ट केलाय." इतक्या साध्या आवाजात, की माझ्या अंगावर काटा आला.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. आत्या निवृत्त झाली, अजून त्याच घरात एकटी राहते. एकटी म्हणजे आपण म्हणायचं. मशीन दोनदा दुरुस्त करून आणलंय. जन्मभर 'कधी येतोस' म्हणून भावाच्या मागे लागणारी आत्या आता त्याला येऊच देत नाही. कधी पाणी नाही, कधी रंगकाम काढलंय, कधी मैत्रिणीकडे चाललेय. बाबांना वाटतं, ताई रागावलीय.

गेल्या महिन्यात ते न कळवता तिच्या दारात गेले. बेल वाजवली. दार उघडलं नाही. खूप वेळ वाट बघून परत आले आणि मला म्हणाले की ताईचे पाय गेले वाटतं, काठी लागते आता. आतून टक् टक् ऐकू येत होतं, अगदी दारापर्यंत आलं होतं.

"आणि ताई कुणाला तरी सांगत होती," ते म्हणाले, "'कोणी नाही गं, कुणीतरी चुकून बेल वाजवली.' तिनं घरात कुणी ठेवून घेतलंय का?"

आत्या अजून काठीशिवाय चालते.

मी बाबांना म्हटलं, असेल कुणीतरी.