तपासणीच्या दिवशीचे वाचक

सभासद व्हायला आलात, बरं वाटलं. पण आधीच सांगतो, पुस्तक घ्या आणि घरी जाऊन वाचा. आतल्या वाचनकक्षात बसू नका.

आमच्या वाचनालयाचं अनुदान वाचकांच्या हजेरीवर ठरतं. छत गळतं, नवं पुस्तक येऊन युगं लोटली, हजेरी आणायची कुठून? म्हणून तपासणीला आम्ही ग्रंथपाल मंडळी आपापले नातेवाईकच खुर्च्यांवर बसवतो. यंदा अनुदान गेलं असतं तर कुलूपच लागणार होतं, आणि या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार? मी मेहुण्याला गळ घातली.

"भाऊजी, अख्खी कॉलनी उचलून आणतो!" तो म्हणाला. बोलण्यात तो पटाईत.

तपासणीच्या बाई भरदुपारी, ठरल्या वेळेआधीच येऊन टपकल्या. कक्षाचं दार उघडलं, तर आत गच्च गर्दी, एकच खुर्ची रिकामी. पठ्ठ्यानं शब्द पाळला म्हणायचा! सगळे माना खाली घालून बसले होते. ओल्या मातीचा कुबट वास येत होता, पण गळक्या छताखाली त्याचं काय नवल?

बाई हळूच म्हणाल्या, "किती एकाग्र... पान उलटल्याचाही आवाज नाही." चांगला शेरा देऊन त्या गेल्या.

त्यांची गाडी वळते न वळते तोच मेहुणा धापा टाकत आला. एकटाच.

"माफ करा भाऊजी... ऐनवेळी सगळ्यांनी टांग दिली."

"मग... हे कोण?"

त्यानं आत डोकावून पाहिलं. "असतील तुमचे पुस्तकी किडे. आलोच आहे तर मीही भर घालतो." तो हसत रिकाम्या खुर्चीवर बसला.

संध्याकाळी त्याला हाताला धरून उठवावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढलं, तर तो त्याच खुर्चीवर. बाकीचेही होते. तेव्हापासून रोज असंच चाललंय. बायको खूश आहे, भावाला वाचनाची गोडी लागली म्हणते. अनुदान मंजूर झालं, माझा थकलेला पगारही मिळाला. कक्ष बंद करावा तर हजेरी जाते, म्हणून मी गप्प बसलो. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू?

काल मात्र राहवलं नाही. दारात उभं राहून त्याला घरातल्या लाडक्या नावानं हाक मारली.

सगळ्यांनी माना वर केल्या. एकट्या त्यानं मान वर केली नाही.