शिडाच्या खोळीतला वास

"शीऽऽ! काय सडलंय इथं? मेलंय का कोणी?" टिकलीनं नाक चिमटीत धरलं.

"मळमळायला लागलंय मला!" ढब्बूनं हातातली खोळ धाडकन खाली टाकली.

"नाटकं पुरे! शीड उलगडा," तोंडाला रुमाल बांधलेली ताई म्हणाली. पण तिचाही चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता.

मावशीची शिडाची बोट अगदी छोटी. डोलकाठीला जोडलेला आडवा दांडा म्हणजे बूम. बोट धक्क्याला लागली की त्या दांड्यावर शिडाची घडी घालायची आणि वरून ताडपत्रीची लांबलचक खोळ चढवून खालच्या बाजूनं हूक लावायचे, म्हणजे उन्हापावसानं शीड खराब होत नाही. परवा मावशीनं हे काम ढब्बूकडे दिलं, तर पठ्ठ्यानं खोळ उलटीच घातली! पोट खाली, हूक वर! रात्री पाऊस झाला आणि सकाळी खोळीत हे एवढं पाणी!

"अरे, ही खोळ आहे की पाण्याचं टाकं?" मावशी कडाडली होती. "साधी खोळ घालता येत नाही आणि म्हणे सुकाणू द्या हातात!"

तेव्हापासून ढब्बूचं तोंड एवढंसं झालं होतं. त्यात आता हा वास! सकाळीच धक्क्याचे मॅनेजरकाका येऊन बजावून गेले होते, "शेजारच्या बोटवाल्यांची तक्रार आहे. संध्याकाळपर्यंत वास गेला नाही, तर बोट इथून हलवा." बोटीला धक्काच नसेल, तर सोमवारपासून मावशीचा शिडाची बोट चालवायला शिकवणारा वर्ग भरणार कुठे? बिचारी मावशी दुसरी जागा शोधत उन्हातान्हात फिरत होती.

शिडाची शेवटची घडी उघडली आणि तिघंही एकदम किंचाळली. आत पिवळट, चिकट, तार सुटलेला राडा होता आणि त्यात अळ्या वळवळत होत्या! टिकली कठड्यावरून वाकून ओकाऱ्या काढू लागली.

ताईनं काडीनं राडा ढवळला. "ही बघा, कोळंबीची मिशी! गळाला लावायचा चारा आहे हा. पण मावशी तर गळ टाकतच नाही!"

"आणि खोळ काढताना मी हूक बघितले," ढब्बू हळूच म्हणाला. परवापासून त्यानं मावशीची हूक लावायची पद्धत अगदी घोटून पाठ केली होती. "मावशी सगळ्या हुकांची तोंडं डोलकाठीकडे ठेवते. या टोकाचे शेवटचे दोन मात्र उलटे लावलेले होते. म्हणजे खोळ इथूनच कोणीतरी उघडतंय!"

तिघांनीही वर पाहिलं. दांड्याचं ते टोक शेजारच्या मोटरबोटीला जवळजवळ टेकलं होतं.

ती बोट कप्तानसाहेबांची. कप्तान कसला! स्वतःची बोट पुसायलाही गडी लागायचा. पांढऱ्याशुभ्र गाद्या, चकचकीत कठडे, आणि मुलं दिसली की एकच पालुपद, "ए, आधी स्वच्छता शिका!" मात्र साहेब रोज संध्याकाळी चारा आणून ठेवायचे आणि पहाटे गळ घेऊन मासेमारीला जायचे.

"स्वतःच्या गाद्यांना वास लागू नये म्हणून हा माणूस सडका चारा रात्रभर आपल्या शिडात ठेवतो! आणि वर तक्रारही हाच करतो!" टिकली थुंकलीच. "शी! किळस येते मला असल्या माणसाची!"

"पण पुरावा?" ताई म्हणाली.

ढब्बूचे डोळे चमकले. "शीड धुऊ. पण धुतलेलं पाणी फेकायचं नाही!"

शीड घासताघासता तिघांचे हात बुळबुळीत झाले. धुतलेलं शीड त्यांनी उन्हात पसरलं. मग ढब्बूनं रिकाम्या दांड्यावर खोळ चढवली. मुद्दाम उलटी! पोट खाली, हूक वर. आणि त्या पोटात ते घाणेरडं पाणी ओतलं.

संध्याकाळी मॅनेजरकाका आले. "काका, प्लीज, जरा इथं थांबा," म्हणत ताईनं त्यांना धक्क्यावरच्या टपरीच्या आडोशाला उभं केलं. मावशीही येऊन पोचली, थकलेली, रिकाम्या हातानं.

तेवढ्यात कप्तानसाहेब चाऱ्याची गळकी पिशवी अंगापासून लांब धरून आपल्या बोटीवर आले. इकडेतिकडे पाहून त्यांनी खोळीकडे हात लांबवला.

"उलटी घातलीय! काय बावळट कार्टी आहेत!" असं पुटपुटत त्यांनी शेवटचे दोन हूक काढले.

भस्सकन सगळं पाणी त्या टोकाकडे धावलं आणि साहेबांच्या अंगावर कोसळलं! पांढरा शर्ट, पांढरी गादी, सगळं पिवळं! एक अळी तर थेट मिशीत!

"ई! शी! शी! वाचवा!" साहेब नाचू लागले. हातातली पिशवी फुटली आणि कोळंबी त्यांच्या बुटांवर पसरली.

मॅनेजरकाकांनी नाकाला रुमाल लावला. "छान! आता कळलं, वास कुठून येतो ते. या मुलांची बोट इथंच राहील. आणि साहेब, आधी स्वच्छता शिका!"

"मी... पिशवी घट्ट बांधली होती हो..."

"खोळीत कोंबताना हुकानं फाटत होती ती!" टिकली ओरडली. "आमचं शीड सडलं असतं!"

मॅनेजरकाकांनी तिघांची पाठ थोपटली. "शाब्बास रे! गुप्तहेर म्हणू तुम्हाला की सफाईवाले?"

"आधी साबण द्या, मग काहीही म्हणा!" ताई हात नाकापासून लांब धरत म्हणाली.

मावशी मात्र खोळीकडे टक लावून बघत होती. "उलटी कोणी घातली ही?"

ढब्बूनं मान खाली घातली. "मी."

"मग आता सुलटी घाल. बघू दे मला."

ढब्बूनं खोळ स्वच्छ धुतली, वाळलेल्या शिडावर चढवली आणि डोलकाठीपासून सुरुवात करत एकेक हूक लावत गेला. सगळी तोंडं डोलकाठीकडे. मावशीनं शेवटचा हूक बोटानं ओढून पाहिला. तो हलला नाही.

"सोमवारी सुकाणू तुझ्या हातात," ती म्हणाली. "पण त्याआधी अंघोळ कर, बाबा!"